शोच्या लॅपटॉपला हात लावू नका

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं फडफडणाऱ्या दिव्यांबद्दल आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: मी २२ वर्षं नाटकाच्या विंगेत आणि कंट्रोल बूथमध्ये काढली आहेत. आधी नुसत्या वायरी गुंडाळल्या, मग संगीत ऑपरेट केलं, मग लाइट. गेली नऊ वर्षं माझे प्रयोग लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. मी प्रोग्रामर नाही. कोड वाचता येतो, तोही ओळीवर बोट ठेवून, अडखळत.

प्रश्न : भाड्याने आणायचा लाइट बोर्ड बंद करून आम्ही लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर घेतलं आहे. मध्ये एक साधी यूएसबी ते डीएमएक्स (दिव्यांना हुकूम पोचवणारा सिग्नल) केबल आहे. १४ एलईडी पार (रंगीत दिवे) आणि डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या पेटीवर) ४ जुने स्पॉट. तालमीत सगळं ठीक चालतं, पण प्रयोगात मध्येच एखादा पार फडफडतो, आणि शेवटच्या प्रवेशातला संथ फेड (उजेड हळूहळू विझत जाणं) पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. आमचे ज्येष्ठ प्रकाशयोजनाकार म्हणतात, फुकटचं सॉफ्टवेअर असंच वागणार. हे खरं आहे का?

तुमची दुखणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आधी फडफड बघू.

डीएमएक्सच्या एका लाइनवर ५१२ चॅनेल (दिव्याच्या उजेडाचा, रंगाचा एकेक आकडा) बसतात आणि प्रत्येकाची किंमत ० ते २५५ असते. ही सगळी यादी सतत पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. एका चॅनेलला ११ बिट, एका बिटाला ४ मायक्रोसेकंद, असा हिशेब केला तर पूर्ण ५१२ ची एक फेरी सुमारे २३ मिलिसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला फार तर ४४ फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या आधी एक खूण जाते, तिला ब्रेक म्हणतात. ती मिळाली की दिवा पुन्हा पहिल्या चॅनेलपासून मोजायला लागतो.

तुमच्याकडची साधी केबल हे मोजमाप स्वतः करत नाही, कारण तिच्यात तेवढी अक्कलच नसते. ब्रेक कधी द्यायचा आणि फेरी कधी सुरू करायची, हे सगळं लॅपटॉपने वेळेवर करायचं. लॅपटॉपवर त्याच वेळी ब्राउझरच्या १२ खिडक्या उघड्या असतील तर त्याचा हात क्षणभर दुसरीकडे अडकतो आणि ताल चुकतो. काही दिवे मनाने मोठे असतात, तेवढं पोटात घालतात. काही लगेच डोळे मिचकावतात. याउलट ज्या अडॅप्टरमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, तो लॅपटॉपकडून फक्त किमती घेतो आणि ताल स्वतः सांभाळतो. प्रयोगासाठी असाच अडॅप्टर घ्या. साधी केबल घरी शिकायला उत्तम आहे, ती ठेवून द्या.

पण अडॅप्टर बदलण्याआधी एक चाचणी करा. फडफडणारा पार काढा, बूथमध्ये आणा, छोट्या केबलने थेट अडॅप्टरला जोडा आणि तोच फेड चालवा. इथेही फडफडला तर दोष लॅपटॉप, अडॅप्टर किंवा खुद्द दिव्याचा. नाही फडफडला तर गुन्हेगार लाइनीत आहे. शेवटच्या दिव्याच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावलाय का? तो म्हणजे पिन २ आणि ३ च्या मध्ये १२० ओहमचा एक रेझिस्टर, एवढंच. तो नसेल तर सिग्नल टोकाला आपटून मागे फिरतो आणि पुढून येणाऱ्याशी भांडतो. लाइनीत माइकच्या केबल घुसल्या आहेत का तेही बघा. तीन पिनांचा कनेक्टर सारखाच दिसतो, त्यामुळे सामान आवरणारा माणूस हात लागेल ती केबल त्याच पेटीत टाकतो. मीही टाकली आहे. तालमीत चार दिवे जवळजवळ असताना माइकची केबल चालून जाते. प्रयोगात लाइन लांबली की ती रंग दाखवते. तुमचं "तालमीत ठीक, प्रयोगात नाही" हे वाक्य वाचल्यावर माझा पहिला संशय इथेच गेला.

आता पायऱ्या. यात तुमचे ज्येष्ठ सर अर्धे बरोबर आहेत, फक्त बोट चुकीच्या ठिकाणी दाखवताहेत. पूर्ण प्रकाशापासून अंधारापर्यंत एका चॅनेलकडे २५५ पायऱ्या असतात. फेड ४० सेकंदांचा असेल तर प्रत्येक पायरी सुमारे ०.१६ सेकंद टिकते. वरच्या भागात ते डोळ्याला कळत नाही. पण खाली आल्यावर २ वरून १ वर येणं म्हणजे उजेड एकदम निम्मा होणं, आणि १ वरून ० म्हणजे धाडकन विझणं. महागड्या बोर्डवर हाच पार लावला असता तरी हेच झालं असतं. जुन्या स्पॉटमध्ये हे दिसत नव्हतं, कारण तिथे फिलामेंट तापलेलं असायचं. तुम्ही वीज कमी केलीत तरी ते आपल्या गतीने थंड व्हायचं आणि सगळ्या पायऱ्या गिळून टाकायचं. (त्या पिवळट, मरत जाणाऱ्या उजेडाची मला अजून आठवण येते. विजेच्या बिलाची येत नाही.)

यावर उपाय आहेत. दिव्याच्या माहितीपत्रकात बघा, डिमरसाठी "फाइन" नावाचा दुसरा चॅनेल देणारा मोड आहे का. दोन चॅनेल मिळून ६५,५३५ पायऱ्या होतात. तसा मोड नसेल तर क्यूएलसी प्लसमध्ये चॅनेल मॉडिफायर आहेत. त्यात वक्र निवडता येतो, म्हणजे फेडरच्या (सरकपट्टीच्या) खालच्या भागात दिवा हळू उतरतो. त्याने पायऱ्या वाढत नाहीत, पण बोटाला ताबा जास्त मिळतो. आणि सगळ्यात जुना उपाय म्हणजे शेवटचे पाच सेकंद पार आधीच विझवून टाका आणि प्रवेशाचा शेवट त्या चार जुन्या स्पॉटवर न्या. तुमच्याकडे ते आहेत, त्यांची किंमत ओळखा.

प्रश्न : पावसाचा आवाज १२ मिनिटं लूपवर चालवायचा आहे. एमपीथ्री फाइल आहे, दर वेळी जोडाच्या जागी उचकी लागते. शिवाय साध्या प्लेअरमध्ये एक ट्रॅक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. तसंच, लेटन्सी (आवाज बाहेर यायला लागणारा उशीर) २ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणायला सगळे सांगतात, पण तसं केलं की आवाज तडतडतो.

एमपीथ्रीचा लूप कधीच करू नका. त्या पद्धतीत आवाज १,१५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या सूक्ष्म मापांच्या) तुकड्यांत बांधला जातो आणि बांधताना सुरुवातीला नि शेवटी थोडी शांतता भरली जाते. तीच तुमची उचकी. मूळ रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये मिळवा. मूळ हाती नसेलच तर आहे ती एमपीथ्री ऑडॅसिटीत (आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्राममध्ये) उघडा, दोन्ही टोकांची शांतता कापा आणि डब्ल्यूएव्ही करून ठेवा.

मग जोड असा बुजवा. ऑडॅसिटीत क्लिपची पहिली पाच सेकंदं कापून घ्या. तो तुकडा दुसऱ्या ट्रॅकवर आणून क्लिपच्या शेवटच्या पाच सेकंदांवर बरोबर बसवा. खालचा तुकडा फेड-इन, वरचा शेवट फेड-आउट, आणि दोन्ही एकत्र करून टाका. आता तुमची फाइल जिथे संपते, तो आवाज मूळ रेकॉर्डिंगमध्ये तिच्या सुरुवातीच्या लगेच आधीचाच होता. त्यामुळे शेवटावरून सुरुवातीवर उडी मारली तरी कानाला उडी कळत नाही. एकच पथ्य पाळा: त्या क्लिपमध्ये ओळखू येईल असा काही आवाज ठेवू नका. माझ्या एका पावसात लांबून कुत्रा भुंकायचा, दर ४० सेकंदांनी. तिसऱ्या प्रयोगापर्यंत कलाकार त्याची वाट बघायला लागले होते.

आपोआप पुढे जाणाऱ्या प्लेअरसाठी लिनक्स शो प्लेअर वापरून बघा. ते नाटकवाल्यांच्या गरजेतून बनलेलं वाटतं. क्यूंची (ठरलेल्या क्षणी द्यायचा आवाज किंवा उजेड म्हणजे क्यू) यादी, गो दिल्यावर एक क्यू, बास. प्रत्येक क्यूला फेड-इन, फेड-आउट, आधी किती थांबायचं, नंतर किती, पुढची आपोआप घ्यायची की नाही, हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं. विनोदी प्रयोगात धडाधड इफेक्ट मारायचे असतील तर यादीऐवजी बटणांची मांडणीही मिळते. हे फक्त लिनक्सवर चालतं, एवढं लक्षात ठेवा.

लेटन्सीचा नाद सोडा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराला २५६ नमुन्यांचा बफर (आवाजाचा आधी साठवून ठेवलेला तुकडा) म्हणजे ५.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे १.८ मीटर जातो, म्हणजे प्रेक्षक दोन रांगा मागे सरकून बसला तर जवळपास तेवढाच उशीर होतो. गायकाच्या माइकवर त्याच क्षणी इफेक्ट द्यायचा असेल तर कमी बफर हवा. तुम्हाला तर ठरलेला पाऊस सुरू करायचा आहे. बफर १,०२४ ठेवा. २१ मिलिसेकंद उशीर होईल, तो कोणाला कळणार नाही, आणि तडतड थांबेल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट क्यू मी दिलेलीच नव्हती. बापाच्या मृत्यूचा प्रवेश, मुलगी उशाशी बसलेली, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आणि सहा स्पीकरमधून "टुंग!" लॅपटॉपने मला प्रेमाने कळवलं होतं की नवीन अपडेट आलं आहे. ती मुलगी गुणी नटी होती, तिने मान हळूच वर करून आकाशाकडे बघितलं. काही प्रेक्षकांना ते दिग्दर्शन वाटलं. दिग्दर्शकाला नाही. त्या दिवसापासून माझ्या शोच्या मशीनवर सिस्टिमचे आवाज बंद, सूचना बंद, वायफाय बंद, पडदा काळा होणं बंद. स्पीकरला जाणारा आवाज वेगळ्या यूएसबी साउंड कार्डातून जातो आणि ते कार्ड फक्त शो प्लेअरने वापरायचं. बाकी सगळ्यांनी लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर काय ओरडायचं ते ओरडावं.

प्रश्न : मोफत सॉफ्टवेअरचा भरवसा काय? प्रयोगात बंद पडलं तर फोन कोणाला करायचा?

आपल्या भाषेत मोफत आणि मुक्त हे दोन शब्द आहेत, ते वापरूया. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे कशासाठीही चालवता येतं, आत बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. बंद कुलपातलं मोफत सॉफ्टवेअरही असतं आणि ते उद्या बंद झालं तर तुमच्या हातात काही राहत नाही.

विंगेत या मुक्ततेचा उपयोग फार साधा आहे. माझ्याकडे दोन लॅपटॉप आहेत, दोन्हींवर तीच सिस्टिम, तीच आवृत्ती, त्याच फाइल. दुसऱ्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. पूर्वी मी एक विकतचा प्रोग्राम वापरायचे. चांगला होता, अजूनही चांगला म्हणेन. पण एकदा रंगीत तालमीला त्याने परवाना तपासायचा हट्ट धरला, आणि त्या सभागृहाच्या तळघरात मोबाइलला एक काडीही रेंज नव्हती. मी पैसे भरले होते, फोन करायला नंबरही होता. फोन करायला मात्र जिना चढून रस्त्यावर जावं लागलं.

तरीही तुमचा प्रश्न रास्त आहे. शंभरेक मूव्हिंग हेड (स्वतः फिरणारे दिवे) असलेला मोठा संगीताचा कार्यक्रम मी आजही क्यूएलसी प्लसवर घेणार नाही. तिथे खरा बोर्ड हवा, बोटाखाली खरे फेडर हवेत, आणि त्या बोर्डवर वाढलेला माणूस हवा. आणि पडदा वर असताना फोन कोणालाच करता येत नाही, सॉफ्टवेअर कसलंही असो. तेव्हा उपयोगी पडतो तो दुसरा लॅपटॉप, चालू स्थितीत, त्याच क्यूवर उभा.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा आहे. नेपथ्य हलवतो, प्रॉपर्टी लावतो. दोन प्रवेशांच्या मध्ये विंगेत बराच वेळ मोकळा असतो. जुना लॅपटॉप मिळालाय, त्यावर लिनक्स शिकायचंय आणि जमलं तर या प्रोजेक्टना मदतही करायची आहे. पण मला कोडिंग येत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी तुला माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे तो "मोकळा वेळ" मोकळा वाटणार नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी मलाही असंच वेड लागलं होतं. दुसऱ्या अंकात माझ्या दोन क्यूंमध्ये ११ मिनिटं असायची. मी मांडीवर दुसरा लॅपटॉप घेऊन एका कमांडची माहिती वाचत बसले. समोर रंगमंचावर नट टेबलाशी आला, फोनकडे बघितलं. फोन वाजला नाही. त्याने पेपर उचलला, घडी घातली, पुन्हा फोनकडे बघितलं. मला वाटलं, आज काय छान थांबून थांबून करतोय! शेवटी त्याने रिसीव्हर उचलून स्वतःच नंबर फिरवला आणि सगळा संवाद उलटा करून घेतला. प्रयोगानंतर तो काही बोलला नाही. नुसता माझ्यापाशी येऊन "ट्रिंग ट्रिंग" म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हा विंगेत वही ने, लॅपटॉप नको. तसाही पडद्याचा निळा उजेड पहिल्या रांगेतून दिसतो. प्रश्न वहीत लिही, उत्तरं घरी शोध.

घरी सुरुवात पेनड्राइव्हवरून कर. डेबियन किंवा उबुंटू स्टुडिओ (लिनक्सचेच दोन अवतार) पेनड्राइव्हवर टाकून लॅपटॉप त्यावरून सुरू होतो, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. आवाज येतो का, वायफाय चालतं का, हे बघ. मग इन्स्टॉल कर आणि बिनधास्त मोड. मी माझं पहिलं मशीन तीन महिन्यांत सहा वेळा पुन्हा उभं केलं. यूएसबी-डीएमएक्स अडॅप्टर जोडल्यावर क्यूएलसी प्लसला तो दिसलाच नाही तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा तुझं खातं "डायलआउट" नावाच्या गटात नसतं. गटात घाल, लॉगआउट करून पुन्हा आत ये. मला हे कळायला दोन रात्री लागल्या होत्या, तुला दोन मिनिटं लागोत.

आता मदतीचं. तू प्रॉपर्टी लावतोस, म्हणजे कुठली वस्तू कुठे, कोणत्या क्रमाने, हे तुझ्या अंगात आहे. क्यूएलसी प्लसमध्ये प्रत्येक दिव्याची एक व्याख्या असते: पहिला चॅनेल डिमर, दुसरा लाल, तिसरा हिरवा, अमुक किमतीपासून अमुकपर्यंत स्ट्रोब (भराभर लुकलुकणं). बाजारात इतके दिवे येतात की यादीत काही ना काही राहतंच. ती व्याख्या बनवायला सोबत एक संपादक येतो, त्यात कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. एक दिवा घे, माहितीपत्रक बाजूला ठेव, आणि प्रत्येक चॅनेलचा फेडर हळूहळू वर नेऊन दिवा खरंच काय करतो ते बघ. माहितीपत्रकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. मी पाठवलेल्या पहिल्या दिव्याच्या पत्रकात सहावा चॅनेल स्ट्रोब म्हणून छापला होता. प्रत्यक्षात स्ट्रोब सातवा होता, आणि सहाव्याने रंगांचं चक्र सुरू व्हायचं. असं तपासलेलं काम पाठवलंस की ते पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी बूथमध्ये पोहोचतं.

दुसरी मदत म्हणजे दोष कळवणं. यात आपण लोक प्रोग्रामरपेक्षाही तयार असतो, कारण आपल्याला प्रयोगाचा अहवाल लिहायची सवय असते. "चालत नाही" असं लिहू नकोस. कोणती आवृत्ती, कोणती सिस्टिम, मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा तसंच केलं तर पुन्हा होतं का. मी एकदा क्यू क्रमांक आणि घड्याळातल्या वेळेसकट असं लिहून पाठवलं होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्यात आधी आभार होते आणि मग "चूक तुमच्या फाइलच्या नावात आहे". बरोबर होतं.

एक दुरुस्ती. मागच्या अंकात मी अर्डर (आवाज रेकॉर्ड आणि मिक्स करायचा प्रोग्राम) "मोफत" असं लिहिलं. एका वाचकाने कान धरला, योग्यच केलं. अर्डरचा सोर्स मुक्त आहे, पण त्यांच्या संकेतस्थळावरून तयार प्रोग्राम उतरवायचा तर पैसे मागतात. डेबियनच्या भांडारातून घेतला तर लागत नाहीत. मी डेबियनवर असल्याने माझ्या ध्यानातच आलं नाही. ज्यांचं पोट त्यावर चालतं, त्यांनी जरूर पैसे द्यावेत.

प्रश्न : शोच्या लॅपटॉपवर अपडेट कधी करावं?

प्रयोगांची मालिका संपल्यावर, आणि पुढची तालीम सुरू व्हायला किमान दोन आठवडे असतील तेव्हा. मधल्या काळात त्याला हात लावू नका. नवीन काही करून बघायची खुमखुमी आली तर त्यासाठी दुसरं मशीन ठेवा. दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली की जुनं राहिल्याची टोचणीही लागत नाही.

अपडेटच्या आधी क्लोनझिलाने पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर काढून ठेवा. आणि मग ती प्रत एका सुट्या एसएसडीवर उतरवून, तो लॅपटॉपमध्ये बसवून, मशीन खरंच सुरू होतं का आणि पहिल्या पाच क्यू वाजतात का ते बघा. माझ्याकडे दोन वर्षं अशा प्रती होत्या, त्यांच्यावर तारखा होत्या, रंगीत चिकटपट्ट्या होत्या. पहिल्यांदा उतरवून बघितली तेव्हा कळलं की मी प्रत्येक वेळी सिस्टिमच्या भागाची प्रत काढत होते, आणि आवाजाच्या सगळ्या फाइल दुसऱ्या भागात होत्या.